थोरलीचा सूर

आमच्या घरात सकाळ कानशीच्या आवाजाने व्हायची. जळगावच्या जुन्या बाजारात खाली दुकान आणि वर आम्ही राहायचो. मधली जमीन सागवानी फळ्यांची होती आणि तिच्या फटींतून खालचा आवाज जसाच्या तसा वर यायचा. आई चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची, त्या थपथपीच्या मध्ये मध्ये खालून कानशीची बारीक खरखर ऐकू यायची, मग भात्याचा एक उसासा आणि मग एकच लांब सूर. पुन्हा खरखर, पुन्हा सूर. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना आम्ही सूरच म्हणायचो. जिभेच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. एवढी एक गोष्ट मला अक्षरओळख होण्याआधी कळत होती. बाहेरून सुरांचे डबे येत आणि लाकडाचे सांगाडेही येत, पण पेटी बोलायला लागायची ती आबांच्या हातात, म्हणजे माझ्या वडिलांच्या. पितळेचा कीस त्यांच्या धोतरावर पडायचा, आणि धोतर धुताना आईच्या बोटांत तो शिरायचा. "या घरात सोनं नाही, पण माझ्या हातात पितळ कायम," असं ती म्हणायची, आणि आबा न हसता म्हणायचे, "घासून घे, चमकेल."

आबांची तेव्हा चार दुकानं होती. जळगावचं थोरलं, दुसरं धुळ्याला, तिसरं फैजपूरला आणि पहूरला एक लहान गाळा, जो फक्त बाजाराच्या दिवशी उघडायचा. तबले, ढोलक, टाळ, एकतारी असं सगळं मिळायचं, पण नाव होतं ते पेटीचं. भजनी मंडळाला आबा पेटी लगेच विकत नसत. ती आधी एका सप्ताहासाठी द्यायची. सात दिवस गावाने वाजवायची, पटली तर ठेवायची, नाही तर परत आणायची. परत आलेली पेटी मी तरी पाहिली नाही. त्याचं कारण होती थोरली. दुकानात गल्ल्याच्या मागे, लाल कापडाखाली आबांच्या गुरूंनी दिलेली एक जुनी पेटी होती, तिला सगळे थोरली म्हणत. चारही दुकानांतली प्रत्येक पेटी तिच्या सुराला मिळवलेली असे. त्यामुळे पाच गावांची पाच मंडळं एका मांडवात बसली तरी त्यांच्या पेट्या एकच असल्यासारख्या वाजत. इतर दुकानांतल्या पेट्यांना ते जमत नसे. थोरलीला पेचकस लावायचा हक्क फक्त आबांचा होता, आणि तेही वर्षानुवर्षं तो लावत नसत.

खंडेनवमीला थोरलीचं कापड निघायचं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग धुळ्याचे युसुफभाई आपली नमुना पेटी तिच्यासमोर ठेवायचे. धुळ्याचं दुकान युसुफभाईच बघायचे. वर्षभर ते त्या नमुना पेटीवरून सूर लावत, म्हणून वर्षातून एकदा ती थोरलीशी पडताळून घ्यायची अशी रीत होती. माणूस उंच, मिशांना मेंदी, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा, आणि स्वतःच्या कानाचा भलताच गर्व. पहाटेच्या गाडीने नानकटाईचा डबा घेऊन यायचे आणि जिन्यातूनच ओरडायचे, "अक्का, बट्ट्या तळल्या का? नाय तर मी खालच्या खाली परत जातो!"

"जा की," आई वरून म्हणायची. "वरण मी माझ्या भावासाठी केलंय, धुळ्याच्या शेठसाठी नाही."

मग दोन पेट्यांच्या एकाच पट्टीवर एकाच वेळी बोट ठेवून भाता हलवायचा. दोन सुरांत केसाएवढं अंतर असलं तरी आवाज डोलतो, पाण्यावरच्या पानासारखा. अंतर नसलं की दोनाचा एक होतो. युसुफभाई मला शेजारी बसवायचे आणि मुद्दाम एखादा सूर किंचित बिघडवून विचारायचे, "सांग, वर का खाली?" चुकलो की माझा कान धरून अहिराणीत म्हणायचे, "मधुशेठ, हाऊ कान शे का भोक शे?" आबा हसायचे. बरोबर सांगितलं की नानकटाई मिळायची. मला जे काही ऐकू येतं ते त्यांच्यामुळे, हे इथे लिहून ठेवतो.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात जळगावचं दुकान बंद झालं. बाकीची तीन केव्हाच गेली होती, हे शेवटचं. धाकट्या भावाचा मुलगा प्रशांत ते चालवायचा. हल्ली त्यात पेट्यांपेक्षा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि स्पीकर जास्त होते, आणि तेही लोक दुकानात बघून फोनवरून मागवायचे. शेवटच्या आठवड्यात त्याने दारावर फ्लेक्स लावला. आबांचा हार घातलेला फोटो, ग्राहकांचे आभार, आणि खाली दुकानाचा थोडक्यात इतिहास. त्यात एक वाक्य होतं: 'धुळे शाखेतील कारागिराच्या चुकीमुळे बसलेल्या मोठ्या धक्क्यातूनही सावरून आम्ही सेवा देत राहिलो.' तेच त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. प्रशांतची यात चूक नाही. त्याने जे लहानपणापासून ऐकलं ते लिहिलं. ते त्याला ज्या घराने सांगितलं, त्या घरात मी होतो.

मी विशीत असताना आबा दुकानातल्या शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. वरच्या खोलीत त्यांना पाठीवर निजवून ठेवलं होतं. खालचं काम माझ्यावर आलं. पण आबांचे कान खालीच असायचे. नवी पेटी तयार झाली की मी ती थोरलीशेजारी ठेवून दोन्ही एकदम वाजवायची, आणि आबांनी वर पडल्या पडल्या ऐकायचं. सूर मिळाला तर काठी एकदा आपटायची, नाही तर दोनदा. कितीतरी वेळा दोनदा आपटली जायची. हात दुखायला लागले तरी मी पुन्हा खोलून घासत बसायचो. मला त्या काठीचा राग यायला लागला होता. आजारी माणसाचा राग येतो हे कोणी कबूल करत नाही, पण येतो.

त्या वर्षी नवमी होऊन गेल्यावर गिरणाकाठच्या एका गावाचे लोक पेटी बघायला आले. त्यांचा बुवा तरुण होता, शहरात जाऊन आलेला. त्याने आमची पेटी वाजवली, मग तोंड वाकडं करून म्हणाला, "तुमनी पेटी झोपेल शे हो. समोरवालानी कशी खणखणीत बोलस! ही नेली ते बठ्ठा गाव हासी आमले." आणि ते खरंच समोरच्या दुकानात गेले. सप्ताहावर न्यायलाही पेटी कोणी नको म्हटली, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी समोर जाऊन ऐकून आलो. तिचा सूर आमच्यापेक्षा किंचित चढा होता, एवढंच. चढा सूर दुकानात उभ्या माणसाला तेजदार वाटतो. पुढची पेटी मी तशी लावली. आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा उजळला. पण थोरलीशेजारी ती वाजवली असती तर काठी दोनदा आपटली असती, हे मला ठाऊक होतं. आबांना वरून पडून सुरांमधलं अंतर ऐकू येत होतं. दोन्ही सूर मिळूनच चढले असते, तर मात्र त्यांना कळलं नसतं.

दुपारी बाजार झोपलेला असायचा. आई वर आबांना वारा घालत असे. अर्धं शटर ओढून मी थोरलीचं कापड काढलं आणि पेचकस लावला. आत धुळीचा आणि कापराचा वास होता. आबांच्या गुरूंच्या हाताने घासलेले सूर मी एकेक करून टोकाकडे घासले. अगदी थोडे. दोन-तीन दुपारी लागल्या. खरखर वर जात होती, पण ती तर रोजच जायची. शेवटी नवी पेटी आणि थोरली एकदम वाजवली. दोनाचा एक झाला. वर काठी एकदा आपटली. आईने वाकून फटीतून सांगितलं, "आबा म्हणतात, आता हात बसला तुझा." मला आनंद झाला. ही गोष्ट लपवता आली असती, पण आज लपवत नाही. मला फार आनंद झाला होता.

त्या हंगामात जळगावहून भराभर पेट्या गेल्या. धुळ्याहून युसुफभाईंच्याही जात होत्या, नवमीला मिळवलेल्या जुन्या सुराच्या. माझ्या डोक्यात हे आलं नाही असं नाही. आलं, पण पुढच्या नवमीला बघू, तेव्हा त्यांची नमुना पेटी आपोआप नव्या सुराला येईल, असं मी स्वतःला सांगितलं.

नवमी यायच्या आधी भडगावचा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला आसपासच्या गावांची मंडळं आपापली पेटी घेऊन बसली होती, निम्मी जळगावची, निम्मी धुळ्याची. मी तिथे होतो, युसुफभाईही होते. मांडवाच्या कडेला उभे राहून ते लोकांना सांगत होते, "बघा आता, बठ्ठ्या पेट्या बहिणी-बहिणी." कीर्तनकार बुवांनी सुरुवात केली आणि पेट्या उचलल्या गेल्या. काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही. सगळा मांडव डोलायला लागला. सूर एकमेकांवर आपटत होते. गाणारे कोणता धरावा म्हणून थांबले. बुवांनी चिपळ्या खाली केल्या आणि म्हणाले, "पेट्या बंद करा. नुसत्या टाळावर म्हणू." मागून कोणीतरी ओरडलं, "आबांच्या पेट्या भांडायला लागल्या रे!" हशा झाला. युसुफभाई हसले नाहीत. ते डोळे मिटून उभे होते, जणू अजून ऐकतच होते.

आबा तोपर्यंत कुबडीवर चालायला लागले होते. चार दिवसांनी मंडळांचे लोक पेट्या घेऊन जळगावला आले, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आबा खुर्चीत बसले. थोरलीचं कापड काढलं. जळगावची पेटी तिच्याशेजारी ठेवली, दोनाचा एक सूर झाला. धुळ्याची ठेवली, आवाज डोलला. दुसरी, तिसरी, तेच. एकाने आपली दहा वर्षांपूर्वीची पेटी पुढे केली, तीही डोलली. आबा म्हणाले, "जुनी पेटी उतरतेच, तिचं सोडा." मग युसुफभाईंनी स्वतःची नमुना पेटी थोरलीसमोर ठेवली. त्यांनी एकच पट्टी दाबली आणि बराच वेळ दाबून धरली.

"उतरलीय," ते म्हणाले.

"नवमीला मिळाली होती," आबा म्हणाले.

"मिळाली होती." मग पट्टीवरचं बोट उचलून, "आबा, एकदा थोरलीला खोलून बघता का?"

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मधू, थोरलीला कोणी हात लावला?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. नंतर कोणी मला काही विचारलं नाही. आबा युसुफभाईंना म्हणाले, "तुझ्या कानावर मी अख्खं धुळं टाकलं होतं, युसुफ." ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. युसुफभाई उठले. नमुना पेटी त्यांनी तिथेच ठेवली. आईने वरून ताट वाढलंय म्हणून हाक मारली, तेव्हा जिन्याकडे बघून म्हणाले, "अक्का, आज नको." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मधुशेठ, तुझा कान चांगलाय. सांभाळ." ते ताट आईने संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं. मग गायीला घातलं. जेवताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "युसुफभाऊंचा हात कधी चुकला नाही रे." मी पाणी प्यायलो.

धुळ्याला सूर लावणारा दुसरा माणूस मिळाला नाही. वर्षाच्या आत तिथल्या दाराला कुलूप लागलं. पण खरा घात पुढे झाला. मंडळांच्या सगळ्या जुन्या पेट्या थोरलीच्या सुराला आणून देऊ, असा आबांनी शब्द दिला होता. तो पाळायला मी पिशवीत कानस घेऊन गावोगाव हिंडलो. देवळांच्या ओट्यांवर बसून मी बरोबर असलेले सूर चुकीचे करत गेलो. लोक चहा आणायचे, बायका मुलांना सांगायच्या, गप्प बसा, पेटीवाले भाऊ काम करतायत. पुन्हा पुन्हा घासलेलं पितळ पातळ होतं. वर्षा-दोन वर्षांत त्या जिभा तुटायला लागल्या. ऐन भजनात पट्टी दाबावी आणि नुसती हवा यावी, असं गावागावांतून व्हायला लागलं. पहूरचा गाळा सोडला, मग फैजपूर. लोक म्हणायचे, युसुफ गेला आणि दुकानाची कळा गेली. घरात म्हणायचे, युसुफने दुकान बुडवलं. आबा दोन्ही वेळा गप्प असायचे. ते गेले तेव्हाही मी त्यांना काही सांगितलं नाही.

फ्लेक्स वाचल्यावर मी प्रशांतला ते वाक्य काढायला सांगितलं. तो स्पीकरची खोकी बांधत होता. म्हणाला, "काका, आता छापून झालाय. आणि तो माणूस कोणाला आठवतोय?" मग मी त्याला सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा. त्याने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. वाईट हसला नाही, पोरगा मायाळू आहे. "काका, एवढ्याशा सुराने दुकान बसतं का? तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. कीबोर्डने बसवलं हो आपल्याला." थोरली एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी मागितली होती, ती मी घरी घेऊन आलो. खोलून पाहिली. टोकांवर माझ्या कानशीचे ओरखडे तसेच होते. युसुफभाईंनी खोलून बघायला सांगितलं, त्या दिवशी पेचकस लावायला कोणालाही दोन मिनिटं लागली असती.

मग मी धुळ्याला गेलो. युसुफभाई हयात नसणार हे माहीत होतं, तरी गेलो. त्यांचं घर जुन्या धुळ्यात, एका पडदे शिवणाऱ्या दुकानाच्या मागे सापडलं. तिथे त्यांची मुलगी शमीम राहते. साठीच्या आसपासची, शिलाईचं काम करते, मिशा सोडल्या तर चेहरा हुबेहूब बापाचा. मी नाव सांगितल्यावर तिने ओळखलं. "जळगाववाले मधुशेठ! अब्बा तुमचं नाव फार काढायचे. या, बसा भाऊ. चहा टाकते."

चहा पिताना मी विचारलं, आमचं दुकान सोडल्यावर त्यांनी काय केलं.

"मागावर लागले, पावरलूमवर," ती म्हणाली. "चाचा म्हणायचे, अरे तुझ्या हातात हुन्नर आहे, पेट्या दुरुस्त कर. तर अब्बा म्हणायचे, मागावर बरंय, तिथे कान लागतच नाही." ती हसली. "पण घरी आले की एक खूळ होतं त्यांना. दोन स्टीलचे ग्लास घ्यायचे, एकात थोडं पाणी घालायचं, चमच्याने वाजवायचे आणि मला विचारायचे, सांग शम्मो, कोणता वर? मी सांगायची, हा. मग विचारायचे, बरोबर ना? मलाही तोच वाटला. पुन्हा वाजवायचे. रोज. जेवण थंड व्हायचं."

मी तिला सांगितलं. थोरली, दुपार, कानस, आबांचा प्रश्न आणि माझं उत्तर. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, कपाकडे बघत होतो. त्यांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता, चूक सगळी माझी होती, हे मी दोनदा म्हणालो. मला वाटलं ती मला जा म्हणेल. तशी तयारी करून गेलो होतो.

तिने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "एकदा मी कंटाळले होते. बाहेर पोरी खेळत होत्या. ते विचारत होते, कोणता वर? मी मुद्दाम उलटं सांगितलं. म्हटलं, अब्बा, हा वर, तुम्हाला कळत कसं नाही? तर त्यांनी चमचा ठेवून दिला. म्हणाले, असेल बेटा. परत कधी नाही विचारलं." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटायचं, बरं झालं, खूळ गेलं. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं असंच धरून चाललो आम्ही सगळे. मोठी झाल्यावर मीच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते."

माफी मागायची म्हणून आलो होतो, ती मागायची राहूनच गेली. जे मी एकटा वागवत होतो, त्यातलं अर्धं मी आता तिच्या घरात ठेवून चाललो होतो, आणि माझं काही कमी झालेलं नव्हतं.

ती उठली. माझा रिकामा कप आणि पाण्याचे दोन ग्लास तिने एका हातात उचलले. ते स्टीलचे होते, एक भरलेला, एक मी अर्धा प्यायलेला. उचलताना ते एकमेकांवर लागले आणि दोन सूर निघाले. ती तिथेच थांबली. मीही ऐकलं. कोणता वर होता ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.